फॉरमॅट मारण्याआधी

माझ्या मावसबहिणीचा लॅपटॉप आठ महिन्यांत तीनदा फॉरमॅट झाला. ती पीएचडीसाठी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या मुलाखती घेत होती. लॅपटॉप कधी निळा पडायचा, कधी आपोआप रिस्टार्ट व्हायचा, कधी नुसताच गोठून बसायचा. दुकानात दर वेळी उत्तर एकच मिळायचं, "विंडोज करप्ट झालीय, फॉरमॅट मारावा लागेल." फॉरमॅटनंतर आठ-दहा दिवस बरे जायचे आणि मग पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी घाईत बॅकअप अर्धाच घेतला गेला आणि अकरा मुलाखतींची रेकॉर्डिंग्ज गेली. त्यातल्या दोघी जणी पुढच्या हंगामात कर्नाटकातल्या कारखान्यावर गेल्या. त्या पुन्हा भेटल्या नाहीत.

दिवाळीत ती घरी आली तेव्हा मी तिच्या शेजारी बसून नुसतं बघत होतो. दीड तास काही झालं नाही. "दादा, बघ ना, तुझ्यासमोर कसा शहाण्यासारखा चालतोय," असं म्हणत तिने लॅपटॉप डाव्या हाताने, कोपऱ्याला धरून उचलला आणि पडदा गोठला. पुन्हा चालू केला, पुन्हा त्याच कोपऱ्याला धरून उचलला, पुन्हा गोठला. उजवीकडून उचलला तर काहीच नाही. मागचं झाकण उघडलं. उचलताना डाव्या हाताची बोटं जिथे येतात, बरोबर त्याच्यावर रॅमची पट्टी होती. एका बाजूची क्लिप नीट बसलेली नव्हती आणि पट्टी केसभर वर राहिली होती. बाहेर काढली तर सोनेरी दातांची चमक गेलेली, दोन-तीन दातांवर मळकट तपकिरी थर. पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसली, कापडाने कण झटकले, दोन्ही क्लिपा 'टक्' वाजेपर्यंत दाबून बसवली. रात्रभर मेमरीची चाचणी लावली. सकाळी चुकांचा आकडा शून्य होता.

त्या आठ महिन्यांत तिला एकाही दुकानात कुणी विचारलं नाही, की बंद पडतो तेव्हा तू नेमकं काय करत असतेस. माझं सगळं म्हणणं या एका प्रश्नाभोवती आहे. दोष यंत्रात आहे की ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, हे बऱ्याच वेळा घरबसल्या, फुकट आणि बऱ्यापैकी खात्रीने ठरवता येतं. त्यासाठी लागणारा पुरावा लॅपटॉप स्वतःच जपून ठेवत असतो, आणि फॉरमॅट मारला की सगळ्यात आधी तोच पुसला जातो.

'बंद पडतो' या दोन शब्दांत आपण चार वेगळे आजार कोंबतो. पडदा निळा किंवा काळा होऊन त्यावर मजकूर येतो, हा एक. काही न लिहिता यंत्र आपोआप रिस्टार्ट होतं, हा दुसरा. दिवा विझावा तसं क्षणात सगळं अंधारतं, हा तिसरा. आणि चित्र आहे तसं राहून काहीच हलत नाही, हा चौथा. दुकानदाराला यातला कोणता ते सांगितलं तरी अर्धं काम होतं.

निळ्या पडद्याला लोक घाबरतात, पण तपासाच्या दृष्टीने तो सगळ्यात बोलका. १९९३च्या विंडोज एनटी ३.१ पासून तो आपल्यासोबत आहे. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, आपल्या हिशेबात न बसणारी गोष्ट दिसली की पुढे रेटण्यात डेटा बिघडण्याचा धोका असतो. म्हणून कर्नल जाणूनबुजून सगळं थांबवतं, पडद्यावर कोड लिहितं आणि मेमरीतला काही भाग डिस्कवर उतरवून ठेवतं. मॅक आणि लिनक्सच्या जगात यालाच कर्नल पॅनिक म्हणतात. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ मधला हा पडदा काळा केला, रडका चेहरा काढला, पण कोड आणि अडलेल्या ड्रायव्हरचं नाव ठेवलं. म्हणजे निळा पडदा दिसला तर एवढं नक्की, की कर्नल शेवटच्या क्षणापर्यंत शुद्धीवर होतं आणि त्याने जबाब नोंदवला आहे. गुन्हेगार कोण, हे मात्र त्यावरून ठरत नाही. साक्षीदारालाच आपण आरोपी धरतो, ही इथली नेहमीची चूक.

अचानक अंधार होतो तेव्हा साक्षीदाराला बोलायला वेळच मिळालेला नसतो. सॉफ्टवेअर यंत्र बंद करू शकतं, पण तसं करताना सहसा नोंद ठेवतं. एकही शब्द न लिहिता वीज जाते तेव्हा संशय चार्जर, बॅटरी, उष्णता आणि मदरबोर्डवरचा वीजपुरवठा यांच्यावर घ्यायचा. गोठलेल्या लॅपटॉपवर कॅप्स लॉकची कळ दाबून पाहावी. तिचा दिवा लागत-विझत असेल तर आत अजून जीव आहे, आणि अडलं आहे ते पडद्याचं किंवा एखाद्या प्रोग्रॅमचं. अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबल्या की ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. एवढ्याने चित्र परत आलं तर रोग कुठे शोधायचा ते कळलं.

दोष बहुधा कुणाचा असतो? यावर चांगला अभ्यास झालेला आहे, आणि तो वाचल्यावर हार्डवेअर की ऑपरेटिंग सिस्टिम ही विभागणीच अपुरी वाटू लागते. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मायकेल स्विफ्ट, ब्रायन बर्शाड आणि हेन्री लेव्ही यांनी २००३ मध्ये मांडलेल्या शोधनिबंधात विंडोज एक्सपीच्या नोंदवलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के बिघाड ड्रायव्हरमुळे होतात असा आकडा आहे. ड्रायव्हर म्हणजे वाय-फाय, ग्राफिक्स, आवाज, प्रिंटर अशा प्रत्येक सुट्या भागाचा दुभाषा. तो भाग बनवणारी कंपनी तो लिहिते, पण चालतो मात्र कर्नलच्या घरात, कर्नलच्या अधिकाराने. त्याने एक चूक केली की अख्खं घर बसतं. पुढे विंडोज व्हिस्टाच्या काळात अमेरिकेतल्या एका खटल्यात मायक्रोसॉफ्टची अंतर्गत कागदपत्रं उघड झाली. त्यात २००७ मधल्या क्रॅशपैकी सुमारे २९ टक्के ग्राफिक्स चिपा बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरच्या नावावर होते, आणि मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या कोडच्या नावावर सुमारे १८ टक्के. आपण ज्याला 'विंडोजचा प्रॉब्लेम' म्हणतो त्यातला मोठा वाटा असा तिसऱ्याच कुणाचा असतो. तिथे विंडोज नव्याने टाकून फायदा नाही, कारण अपडेटमधून तोच ड्रायव्हर पुन्हा येऊन बसतो.

दुसऱ्या बाजूचा, यंत्राच्या दोषांचा, मला सर्वांत मोलाचा वाटणारा अभ्यास २०११चा आहे. मायक्रोसॉफ्टमधल्या एडमंड नाइटिंगेल, जॉन डूसर आणि व्हिन्स ऑर्गोव्हान यांनी जवळपास दहा लाख घरगुती संगणकांच्या आठ महिन्यांच्या नोंदी तपासल्या. एकूण किमान ३० दिवस प्रोसेसर चालला अशा यंत्रांपैकी प्रोसेसरच्या दोषाने १९० मधलं एक यंत्र कोसळलं, डिस्कच्या दोषाने २७० मधलं एक, आणि मेमरीतला एक बिट उलटल्यामुळे १,७०० मधलं एक. आकडे किरकोळ वाटतील. पण मेमरीची मोजणी त्यांना कर्नलच्या कोडच्या पानांपुरतीच करता आली, म्हणजे मेमरीच्या जेमतेम दीड टक्क्यात. तिथे काय लिहिलेलं असायला हवं हे आधीच ठाऊक असल्यामुळे उलटलेला बिट पकडता येतो. उरलेल्या साडेअठ्ठ्याण्णव टक्क्यांत काय उलटलं ते दिसतच नाही.

आणि खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. प्रोसेसरच्या दोषाने एकदा कोसळलेलं यंत्र त्याच काळात पुन्हा कोसळण्याची शक्यता तीनात एक निघाली. मेमरीत पहिल्यांदा १,७०० मध्ये एक असलेली शक्यता एका बिघाडानंतर थेट बारात एक झाली, आणि दोन बिघाडांनंतर दोनात एक. पुन्हा बिघडणाऱ्या यंत्रांत बहुतेकदा बिट उलटला तो मेमरीतल्या त्याच जागी. म्हणजे 'एकदाच झालं, सोडून द्या' हा सल्ला यंत्राच्या बाबतीत धोक्याचा आहे. पहिल्या पक्क्या खुणेलाच बॅकअप घ्यायला बसावं. लॅपटॉप डेस्कटॉपपेक्षा कमी कोसळतात, हीदेखील या अभ्यासातली नोंद आहे. हिंदकळत, प्रवास करत राबणाऱ्या यंत्राबद्दल मला ते अनपेक्षित होतं.

मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी २००५ मध्ये लिहिलेली एक हकीकत इथे सांगावीशी वाटते. त्यांच्या सहकाऱ्यांकडे आलेल्या क्रॅशच्या नोंदींत प्रोसेसर अशा एका आज्ञेवर कोसळलेला दिसत होता, जी नुसती प्रोसेसरच्या आतला एक कप्पा शून्य करते. ती मेमरीला हात लावत नाही, तिच्यात चुकण्यासारखं काही नाही. कोडवर कितीही डोकं फोडलं असतं तरी त्यात चूक सापडली नसती. चौकशी केल्यावर कळलं की प्रोसेसर त्याच्या ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळवला जात होता. काही मालकांना तर याचा पत्ताच नव्हता. विकणाऱ्यानेच वेग वाढवून यंत्र गळ्यात मारलं होतं.

आता घरी काय करायचं. मी एक क्रम पाळतो. पहिलं काम नोंदी वाचण्याचं. विंडोजच्या शोधपट्टीत 'रिलायबिलिटी' असं इंग्रजीत टाइप केलं की रिलायबिलिटी मॉनिटर उघडतो. विंडोज व्हिस्टापासून तो प्रत्येक संगणकात आहे आणि फार थोड्यांना माहीत आहे. तारखेवार तक्ता, ज्या दिवशी काही कोसळलं त्या दिवशी लाल फुली. त्याच तक्त्यात कोणत्या दिवशी कोणता ड्रायव्हर किंवा अपडेट बसलं तेही दिसतं. फुल्यांची रांग एखाद्या अपडेटच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होत असेल तर मी स्क्रूड्रायव्हरला हातही लावत नाही.

इव्हेंट व्ह्यूअर थोडा किचकट, पण त्यात तीन गोष्टी बघायच्या. 'कर्नल-पॉवर ४१' ही लाल नोंद पाहून लोक पॉवर सप्लाय बदलायला धावतात. तिचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झालं नव्हतं. त्या नोंदीच्या तपशिलात 'बगचेककोड' शून्य नसेल तर निळा पडदा आला होता. शून्य असेल आणि पॉवर बटण दाबून धरल्याचीही वेळ नसेल, तर वीज तुटली किंवा यंत्र गुदमरून गेलं. दुसरी खूण 'डब्ल्यूएचईए-लॉगर' नावाने येणाऱ्या नोंदी. प्रोसेसर किंवा त्याच्याशी जोडलेला भाग स्वतःहून सांगत असतो, की माझ्यात चूक सापडली. यातल्या काही चुका यंत्र जागच्या जागी दुरुस्त करतं, पण त्या रोज वाढत असतील तर ती धोक्याची घंटा. तिसरी खूण डिस्कच्या नोंदी, खराब ब्लॉकच्या किंवा वारंवार पुन्हा वाचाव्या लागल्याच्या.

मग निळ्या पडद्याचे कोड. एकेका कोडचा अर्थ शोधत बसण्यापेक्षा पाच-सहा क्रॅश शेजारी ठेवून पाहावेत. विंडोजच्या फोल्डरात 'मिनीडंप' नावाच्या उपफोल्डरात त्यांच्या फाइली असतात, आणि ब्लूस्क्रीनव्ह्यू नावाचं फुकट साधन त्यांचा तक्ता मांडून देतं. दर वेळी तोच कोड, त्याच ड्रायव्हरचं नाव, आणि क्रॅश ठरावीक कामाच्या वेळी, असं असेल तर दोष त्या ड्रायव्हरचा किंवा त्याच्या हाताखालच्या भागाचा. आज 'मेमरी मॅनेजमेंट', उद्या 'पेज फॉल्ट', परवा 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल', दर वेळी वेगळा कोड आणि वेगळं नाव, असं असेल तर माझा पहिला संशय रॅमवर जातो. सदोष मेमरीत त्या दिवशी ज्याचं सामान पडलं असेल त्याचा बळी जातो, म्हणून नावं बदलत राहतात. फॉरमॅटनंतर आठ दिवस बरं का वाटतं त्याचंही एक उत्तर इथे आहे. नव्याने टाकलेल्या, रिकाम्या विंडोजमध्ये कामाचा भार कमी असतो. मेमरीच्या त्या खराब कोपऱ्यात महत्त्वाचं काही पडेपर्यंत सगळं ठीक दिसतं.

मिनीडंपचं फोल्डर रिकामं असणं हीदेखील साक्षच. निळा पडदा येऊनही डंप लिहिला जात नाही, टक्केवारी शून्यावरच अडते, रिस्टार्टनंतर 'बूट डिव्हाइस सापडत नाही' असा मजकूर येतो, आणि पूर्ण बंद करून पाच मिनिटांनी चालू केलं की डिस्क परत दिसते, अशी साखळी जुळली तर एसएसडीकडे बघायचं.

दुसरं काम ऑपरेटिंग सिस्टिमला बाजूला काढून यंत्र चालवण्याचं. एका पेन ड्राइव्हवर उबुंटूसारखं लिनक्स घ्यावं आणि लॅपटॉप त्यावरून चालू करावा. आतल्या विंडोजला हात लागत नाही. त्यावर व्हिडिओ लावून, वाय-फाय जोडून, प्रोसेसरवर भार टाकून दोन-तीन तास काढायचे. तिथेही तसाच कोसळला तर विंडोज निर्दोष. नाही कोसळला तर मात्र लगेच उलटा निष्कर्ष काढू नये, कारण लिनक्स आतल्या एसएसडीला जवळपास स्पर्शच करत नाही आणि ग्राफिक्स चिपकडून कदाचित वेगळ्या पद्धतीने काम घेतं. मोजक्याच ड्रायव्हरवर विंडोज चालवणाऱ्या सेफ मोडचंही तसंच. सेफ मोडमध्ये स्थिर राहिला तर ड्रायव्हरवरचा संशय बळावतो, पण तिथे ग्राफिक्स चिप आराम करत असते हे विसरू नये.

मग प्रत्येक अवयवाची स्वतंत्र परीक्षा. बऱ्याच कंपन्यांनी लॅपटॉपच्या बायोसमध्येच तपासणी दिलेली असते. एचपीमध्ये चालू करताना एस्केप आणि मग एफ २, डेलमध्ये एफ १२ च्या यादीत डायग्नोस्टिक्स, ॲपल सिलिकॉनच्या मॅकमध्ये पॉवर बटण दाबून धरल्यावर कमांड आणि डी. ही तपासणी विंडोज सुरू होण्याआधी चालते, म्हणून तिच्यात सापडलेली चूक यंत्राची. रॅमसाठी विंडोजचं स्वतःचं साधन आहे, पण मी रात्रभर मेमटेस्ट८६+ लावतो. त्यात एक चूक निघाली तरी नापास. इथे पासिंगला ३५ मार्क नसतात. दोन पट्ट्या असतील तर एकेक काढून पुन्हा चाचणी घ्यायची, म्हणजे दोष पट्टीत की खाचेत ते कळतं. हल्लीच्या पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच झाळलेली असते, आणि मग हा साधा उपाय ग्राहकाच्या हातातून जातो. उत्पादकांनी घेतलेला हा निर्णय मला ग्राहकावर अन्याय करणारा वाटतो.

डिस्कसाठी स्मार्ट नावाची नोंदवही असते आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारखं साधन ती वाचून दाखवतं. तिथे 'गुड' लिहिलेलं पाहून निर्धास्त होऊ नये. गूगलने २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून जास्त हार्ड डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. निकामी झालेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कमध्ये स्मार्टच्या चार महत्त्वाच्या खुणांपैकी एकही उमटलेली नव्हती. उलट ज्या डिस्कमध्ये पहिली स्कॅन-चूक आली, ती पुढच्या ६० दिवसांत जाण्याची शक्यता ३९ पट वाढलेली होती. स्मार्टने वाईट सांगितलं तर विश्वास ठेवावा, चांगलं सांगितलं तर बॅकअप घ्यावा.

उष्णतेची परीक्षा सगळ्यात सोपी. प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचला की वेग कमी करतो, आणि तरीही थंड झाला नाही तर स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडतो. पंख्याचा आवाज चढत गेला, लॅपटॉप मंदावला आणि मग अंधार झाला, तर पंखा आणि थर्मल पेस्ट बघायची. चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर, मग शक्य असेल तर बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर चालवून पाहावं. टचपॅड वर उचललेला दिसला किंवा झाकण नीट बसेनासं झालं, तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. तिथे तपास थांबवायचा, लॅपटॉप चार्जिंगला लावायचा नाही, आणि बॅटरी जाणकाराकडूनच काढून घ्यायची.

हा क्रम सांगताना एक उलटा अनुभवही सांगितला पाहिजे. शेजारच्या काकांचा लॅपटॉप झाकण मिटलं की मरायचा. उघडला की निळा पडदा. बिजागरीजवळची वायर तुटली असणार असं मी मनाशी पक्कं केलं आणि लॅपटॉप उघडून दोन संध्याकाळी त्यात घातल्या. शेवटी मिनीडंप पाहिले. सहाच्या सहा वेळा 'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर' आणि दर वेळी वाय-फायच्याच ड्रायव्हरचं नाव. झाकण मिटल्यावर यंत्र झोपायला जायचं आणि तो ड्रायव्हर उठायलाच नकार द्यायचा. उत्पादकाच्या साइटवरून जुना ड्रायव्हर घेऊन बसवला आणि प्रश्न मिटला. आधी नोंदी वाचायच्या, हा क्रम मी त्या दिवसापासून मोडलेला नाही.

आता ज्या प्रकरणांत ही दोन गटांतली विभागणीच कोलमडते त्यांच्याकडे येतो. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरवर संगणकावरचे खेळ कोसळू लागले. पडद्यावर मजकूर यायचा 'व्हिडिओ मेमरी संपली'. साहजिकच लोकांनी एनव्हिडियाला दोष दिला, ड्रायव्हर बदलले, विंडोज नव्याने टाकली. ग्राफिक्स कार्डात भरपूर मेमरी शिल्लक होती. खेळाची माहिती उलगडताना प्रोसेसरच चुकीचं उत्तर देत होता, आणि त्या चुकीच्या उत्तराचा अर्थ प्रोग्रॅमने 'मेमरी संपली' असा लावला होता. एनव्हिडियाने एप्रिलमध्ये ग्राहकांना इंटेलकडे जायला सांगितलं. इंटेलने पुढे मान्य केलं, की प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होतं आणि त्यामुळे आतल्या सर्किटची झीज होत होती. जास्त व्होल्टेज मागण्याचं एक कारण होतं मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये दुरुस्त्या आल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. पण झिजलेला प्रोसेसर कोणत्याही अपडेटने बरा होत नाही. सॉफ्टवेअरच्या चुकीने हार्डवेअर खाल्लं आणि त्याची तक्रार भलत्याच सॉफ्टवेअरच्या नावाने आली.

२००८ मध्ये याच्या उलट घडलं होतं. एनव्हिडियाच्या काही लॅपटॉप चिपांमधलं जोडकाम सतत तापून-निवून निकामी होत होतं, आणि कंपनीने त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. काही लॅपटॉप कंपन्यांनी त्यावर बायोसचं अपडेट दिलं, ज्याने पंखा जास्त वेळ फिरत राहायचा. यंत्राच्या रोगावर सॉफ्टवेअरचं औषध, आणि तेही फक्त वेळ काढण्यापुरतं.

रेमंड चेन यांनीच २०२२ मध्ये सांगितलेली दुसरी हकीकत यापेक्षाही विलक्षण आहे. जॅनेट जॅक्सनच्या 'ऱ्हिदम नेशन' या गाण्याचा व्हिडिओ लावला की काही लॅपटॉप कोसळत. इतकंच काय, शेजारी ठेवलेला, ज्यावर गाणं लागलेलंही नाही असा लॅपटॉपही कोसळे. गाण्यातला एक स्वर ५,४०० फेऱ्यांच्या हार्ड डिस्कच्या नैसर्गिक कंपनाशी जुळत होता. उत्पादकाने उपाय केला तो आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये, नेमका तेवढा स्वर गाळून.

आणि १९ जुलै २०२४. भारतात सकाळचे पावणेदहा वाजत होते. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल जगभर गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज यंत्रं निळी पडली. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. यंत्रं धडधाकट होती, विंडोजही धडधाकट होती. कर्नलच्या घरात राहणाऱ्या पाहुण्याने घर पाडलं होतं. लाखो यंत्रं एकाच वेळी पडली म्हणून कारण लगेच सापडलं. एकाच घरातला एकच लॅपटॉप पडतो तेव्हा ही तुलना हाताशी नसते, म्हणून तारखा लिहून ठेवाव्या लागतात.

आपल्या हवेचाही यात हात आहे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत रॅमच्या आणि कनेक्टरच्या दातांवर थर चढतो. खोडरबराचा उपाय दुकानांमध्ये रुळला तो उगीच नाही, फक्त रबराचे कण खाचेत पडता कामा नयेत आणि सोन्याचा मुलामा खरवडला जाता कामा नये. जुन्या इमारतींत अर्थिंग धड नसतं. चार्जर लावल्यावर धातूच्या कव्हरला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर आधी दुसऱ्या घरच्या सॉकेटवर दोन दिवस चालवून पाहावं. दिवे गेल्यावर इन्व्हर्टर चालू होतो त्या क्षणी लॅपटॉप रिस्टार्ट होत असेल, तर बॅटरीने भार पेलायला नकार दिला आहे.

दुकानदाराला मी खलनायक ठरवणार नाही. फॉरमॅटचे ठरलेले चार-पाचशे रुपये गिऱ्हाईक काचकूच न करता देतं. दोन तास बसून नोंदी वाचल्या आणि 'तुमचा वाय-फायचा ड्रायव्हर बदलला' असं सांगितलं तर त्याचे पैसे मागायची चोरी. तपासाला मोल नाही म्हणून तपास होत नाही. मी हल्ली लॅपटॉप देतानाच सांगतो, की शोधण्याचे पैसे वेगळे घ्या, दोष सापडला नाही तरी घ्या. पुण्याच्या बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या आसपास चिप-लेव्हलचं काम करणारे जे कारागीर मला भेटले, ते हे ऐकल्यावर वेगळ्याच उत्साहाने कामाला लागले. त्यांना सगळं येत असतं, कुणी विचारत नाही एवढंच.

मावसबहिणीने आता लॅपटॉपच्या पिशवीत एक छोटी वही ठेवली आहे. चार रकाने आहेत. तारीख आणि वेळ, काय करत होते, चार्जर होता की नव्हता, पडद्यावर काय दिसलं. 'आपोआप रिस्टार्ट करा' ही विंडोजची सेटिंग तिने काढून टाकली आहे, म्हणजे निळा पडदा आला तर फोटो काढायला वेळ मिळतो. मुलाखती रोज रात्री दोन ठिकाणी जातात. परवा तिने मैत्रिणीचा लॅपटॉप दुकानात नेला तेव्हा वहीतलं पान फाडून सोबत दिलं. चार दिवसांतले सात क्रॅश, सातही चार्जर लावलेला असताना, सातही वेळा नुसता अंधार. काउंटरवरच्या मुलाने पान वाचलं, ड्रॉवरमधून त्याच वॉटचा दुसरा चार्जर काढला आणि म्हणाला, "ताई, हा दोन दिवस वापरून बघा. फॉरमॅट नको."